मे महिन्यात बारा दिवस घर पूर्ण बंद राहणार आहे. कोणती काळजी घ्यावी?

सुदामानगरवासी:

सर्वांना नमस्कार.

आमचे घर इंदूरच्या सुदामानगरात वीस बाय पन्नासच्या प्लॉटवर आहे आणि गेल्या सव्वीस वर्षांत ते एका रात्रीपेक्षा अधिक काळ कधी बंद राहिलेले नाही. लग्न असो की मुंज, घरातले एक माणूस मागे राहायचे. आधी बाबा राहत असत, त्यांच्यानंतर आई राहू लागली. या वर्षी मात्र मे महिन्यात पुण्याला भाच्याचे लग्न आहे, तिथून पुढे कोल्हापूर आणि गुहागर असा बेत ठरला आहे, आणि आईनेही यायचे कबूल केले आहे. रेल्वेची तिकिटे काढून झाल्यावर एका रात्री असे लक्षात आले की आमच्या पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावण्याची धड सोयच उरलेली नाही. कडी आहे, पण तिचा नकुचा रंगकामाच्या वेळी कधीतरी निघाला तो परत बसवला गेला नाही, आणि इतक्या वर्षांत कोणाला त्याची उणीवही भासली नाही.

घराची रचना अशी आहे. समोर लोखंडी फाटक, मग लहानशी ओसरी, मग सागवानी दार. मागे धुण्याभांड्यांचा चौक असून त्याचे पत्र्याचे दार बॅकलाइनमध्ये, म्हणजे घरांच्या मागच्या गल्लीत, उघडते. गच्चीचा कठडा तीन फुटांचा आहे आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या गच्च्या आमच्या गच्चीला खेटून आहेत. जिन्याच्या माथ्यावर एक दार आहे, ज्याला आतून एकच कडी आहे.

आईचे म्हणणे असे की कामाच्या बाईंच्या मुलाला बारा रात्री ओसरीत झोपायला सांगावे. पत्नीचे म्हणणे असे की चार कॅमेरे बसवावेत आणि निर्धास्त व्हावे. माझे स्वतःचे मत रोज बदलते. ज्यांनी घर दीर्घकाळ बंद ठेवले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावेत. पोलिसांना कळवावे का, दागिन्यांचे काय करावे आणि घराचा विमा काढण्यात काही अर्थ आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे.

रामबागकर काका:

कुलूप, कॅमेरा वगैरे गोष्टींविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मी फक्त घर बाहेरून कसे दिसते याविषयी लिहितो, कारण घर बंद असल्याचे चोराला कळते ते आपल्याच चुकांवरून.

आपल्या शहरात बंद घर ओळखण्याची सर्वांत सोपी खूण कोणती असेल, तर ती कचरा गाडी होय. सकाळी गाडीचे गाणे वाजले की प्रत्येक फाटकातून कोणीतरी ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे घेऊन बाहेर येते, आणि ज्या घरातून लागोपाठ चार दिवस कोणीच येत नाही ते घर कोपऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्याच्या सहज लक्षात येते. दुसरी खूण उंबऱ्यासमोरची. आपल्या मातोश्री रोज रांगोळी काढत असतील, तर ती थांबली हे सगळ्या गल्लीला पहिल्याच दिवशी कळेल. शेजारच्या एखाद्या मुलीला ओटा झाडून चार ठिपक्यांची का होईना रांगोळी काढायला सांगा. मे महिन्यात आपल्याकडे एक वावटळ आली की ओट्यावर बोटभर धूळ बसते, आणि त्या धुळीवर कोणाचेही पाऊल उमटलेले नसणे हे दारावर पाटी लावण्यासारखेच आहे.

पेपर बंद करू नका. बारा दिवस शेजाऱ्यांच्या फाटकात टाकायला सांगा. बंदीच्या, म्हणजे रोज घरपोच येणाऱ्या, दुधाच्या बाबतीत मात्र "सध्या नको, पुढे कळवतो" इतकेच सांगावे. कुठे जाणार, केव्हा परतणार, हा तपशील दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला किंवा किराणा दुकानात सांगण्याचे काहीच प्रयोजन नसते. ही माणसे वाईट असतात असे माझे मुळीच म्हणणे नाही, पण त्यांच्याशी बोलत असताना शेजारी कोण उभे आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

ओसरीतला दिवा बारा दिवस अखंड जळत ठेवणे ही तर सर्रास होणारी चूक आहे. रात्री तो दिवा घर राखतो हे खरे, पण सकाळी अकरा वाजता उन्हात जळणारा बल्ब घरात कोणी नसल्याची दवंडी पिटतो. अंधार पडल्यावर आपोआप लागणारे आणि उजाडल्यावर विझणारे बल्ब आता विजेच्या कोणत्याही दुकानात मिळतात, त्यांतला एक बाहेर लावा. आतल्या एका दिव्याला टायमर लावता आला तर उत्तमच.

नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे हौदाचा वाल्व्ह अवश्य बंद करून जा. फ्लोट अडकला तर हौद भरून फाटकाखालून पाणी रस्त्यावर वाहत राहील आणि ते बंद करायला कोणी येत नाही, हेही सगळ्यांना दिसेल.

जुना फिटर:

मी छत्तीस वर्षे वर्कशॉपमध्ये काढली आहेत आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या लोकांची दारे दुरुस्त करून देतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

लोक बाजारात जाऊन सर्वांत जाड आणि सर्वांत महाग कुलूप विकत आणतात आणि ते चार लहान स्क्रूंवर बसवलेल्या नकुच्यात अडकवतात. घरफोडी झाल्यावर मला ज्या ज्या घरी बोलावले गेले, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी कुलूप शाबूत होते. एका घरी तर ते बंदच्या बंद अवस्थेत कडीला लटकत होते, त्यात नकुचा होता, आणि नकुच्याच्या पट्टीला चारही स्क्रू तसेच चिकटलेले होते. प्रत्येक स्क्रू बोटाच्या एका पेराएवढा होता आणि त्याच्या आट्यांमध्ये लाकडाचा भुगा होता. पहार अडकवून एकदा दाबली की असे स्क्रू लाकडातून उपटून निघतात आणि त्याचा फारसा आवाजही होत नाही. म्हणून नकुचा स्क्रूने बसवू नये. दारातून आरपार भोक पाडून बोल्ट घालावेत, ज्यांचे गोल गुळगुळीत डोके बाहेर राहील आणि नट आतल्या बाजूने आवळलेला असेल. त्या डोक्याला बाहेरून पाना किंवा स्क्रूड्रायव्हर लागू शकत नाही.

कुलपाविषयी थोडेसे. एकापेक्षा जास्त लिव्हर असलेल्या कुलपाची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन याने 1778 साली त्याचे पेटंट घेतले होते, आणि तत्त्व आजही तेच आहे: प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीपर्यंत उचलला गेला तरच आडवा दांडा सरकतो, कमी उचलला तरी अडतो आणि जास्त उचलला तरी अडतो. लिव्हर जितके जास्त तितके बनावट किल्लीने उघडणे अवघड. पण आपल्याकडचा चोर किल्ल्या घडवत बसत नाही, तो पहार आणतो. त्यामुळे सहा लिव्हर की आठ लिव्हर या चर्चेत वेळ घालवण्यापेक्षा दाराच्या आत बसणारे कुलूप लावून घ्यावे, ज्याचा दांडा चौकटीत खोलवर जातो आणि बाहेरून फक्त किल्लीचे भोक दिसते. त्यामुळे दार बंद आहे की कुलूपबंद आहे, हे रस्त्यावरून कळतही नाही.

फाटकाला मात्र कुलूप बाहेरून दिसतेच. त्यावर माझा उपाय असा आहे की ते कुलूप आजपासूनच लावायला सुरुवात करावी. घरात असतानाही रोज रात्री आणि दुपारी आतल्या बाजूने कुलूप लावायचे, आणि गावाला जाताना बाहेरून हात आत घालून तसेच लावायचे. महिनाभर ते दिसत राहिले की त्या कुलपाला काही अर्थ उरत नाही, आणि तुम्ही खरोखर गावाला गेलात तरी ते तसेच दिसते.

आता मुद्द्याचे. आपण पुढच्या दाराची चिंता करत आहात, पण पुढचे दार हे आपल्या घराचे सर्वांत सुरक्षित दार आहे, कारण ते गल्लीतल्या दहा घरांना दिसते. चोराला वेळ हवा असतो. पुढच्या दारापाशी त्याला दोन मिनिटेही मिळत नाहीत. बॅकलाइनमध्ये अर्धा तास मिळतो आणि गच्चीवर संपूर्ण रात्र मिळते. महापालिकेने बॅकलाइनी स्वच्छ केल्या, रंगवल्या, ही चांगलीच गोष्ट झाली, परंतु रात्री तिथे आजही कोणी फिरकत नाही. चौकाचे पत्र्याचे दार आतून आडव्या लोखंडी अडसराने बंद करा. त्यासाठी दोन्ही बाजूंना भिंतीत पक्के कोयंडे बसवावे लागतील. जिन्याच्या दारालाही तसाच अडसर लावा आणि त्याच्या बिजागऱ्या कोणत्या बाजूला आहेत ते आधी पाहा. बिजागऱ्या बाहेर असतील तर कडी कितीही मजबूत असो, खिळ्याने बिजागरीची पिन वर ठोकून काढता येते आणि दार उलट्या बाजूने उघडते. सगळी दारे आतून बंद करून केवळ एका दाराने बाहेर पडावे, आणि ते दार पुढचेच असावे.

आणि एक प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर आपण आत्ता उठून पाहून द्यावे. आपला कूलर कोणत्या खिडकीत बसवला आहे, आणि तो बसवताना त्या खिडकीची जाळी कापली होती का?

वैशालीनगर:

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी चोरी झाली. नागपूरला दोनच रात्री गेलो होतो. वरच्या फिटर साहेबांनी लिहिले आहे तसेच झाले; शेजारी नवे बांधकाम सुरू होते, त्याच्या बांबूंवरून तो, किंवा ते, आमच्या गच्चीवर उतरले आणि जिन्याच्या दारातून आत आले. पुढच्या दाराचे कुलूप आम्ही परतलो तेव्हा जसेच्या तसे होते आणि मी ते किल्लीने उघडूनच आत गेले, ही गोष्ट अजूनही मनातून जात नाही.

लोखंडी कपाट फोडलेले नव्हते. कपाटाची किल्ली पलंगावरच्या गादीखाली होती आणि आतल्या तिजोरीची किल्ली साड्यांच्या घडीत होती. दोन्ही त्यांना सापडल्या, कारण सर्वांच्या घरी त्या तिथेच असतात. देवघरातल्या चांदीच्या वाट्या आणि निरांजन गेले, तांदळाच्या डब्यात ठेवलेले पाटल्यांचे पाकीट गेले, तांदूळ फरशीवर ओतलेले होते. स्वयंपाकघरात लवंगी शेवेचा डबा अर्धा रिकामा होता, पण त्याचे झाकण नीट लावून ठेवलेले होते. पंचनाम्याला आलेले पोलीस म्हणाले की ते घाईत नव्हते.

दागिन्यांच्या बाबतीत मी शिकले ते इतकेच की घरात लपवण्याची अशी जागा नसते जी फक्त आपल्यालाच सुचेल. बँकेत लॉकर असेल तर सगळे तिथे ठेवा आणि लग्नाला जे घालायचे आहे तेवढेच सोबत न्या. ठेवण्यापूर्वी प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, वजन लिहा आणि पावती असेल तर तिचाही फोटो काढा. आमच्याकडे पाटल्यांचा एकच फोटो निघाला, तोही एका बारशातला, ज्यात त्या अर्ध्या पदराखाली होत्या. जुलै 2021 पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक येऊ लागला आहे. तो भिंगाने वाचून वहीत उतरवून ठेवा. आमच्या पाटल्या सासूबाईंच्या काळातल्या होत्या, त्यांच्यावर काहीच नव्हते, त्यामुळे त्या ओळखायच्या कशा हा प्रश्न तपासातही आलाच.

संगणकवाला:

कॅमेऱ्यांविषयी माझे मत थोडे कडवट आहे, कारण ते बसवणे हाच माझा व्यवसाय आहे आणि लोक त्यांच्याकडून नको ती अपेक्षा ठेवतात. कॅमेरा चोराला अडवत नाही. तो आपल्याला फक्त कळवतो, आणि तेही वीज आणि इंटरनेट दोन्ही सुरू असतील तरच.

आपल्या भागातल्या बहुतेक घरांत विजेचा मीटर ओसरीत किंवा फाटकालगतच्या भिंतीवर असतो आणि मुख्य स्विच त्याच्याच खाली असतो. ज्याला हे ठाऊक आहे तो पहिल्यांदा तो स्विच खाली पाडतो, की राउटर बंद, कॅमेरे बंद. म्हणून मीटरच्या पेटीला झाकण आणि कुलूप असावे आणि राउटरला छोटा यूपीएस जोडावा. राउटरला फार थोडी वीज लागत असल्याने तो काही तास सहज चालतो. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असले तर इंटरनेट गेले तरी चित्रण होत राहते, अर्थात त्या कॅमेऱ्यालाही बॅटरीचा आधार असेल तर. डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणारी, पेटी टीव्हीच्या खाली ठेवू नका, कारण ती टीव्हीसोबतच जाते.

पासवर्ड बदलणे याला लोक क्षुल्लक समजतात. 2016 साली मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, आणि त्यासाठी त्याने काही अवघड विद्या वापरली नव्हती; कारखान्यातून येणारे ठराविक पासवर्ड एकेक करून लावून पाहिले होते, इतकेच. घराची राखण करणारा कॅमेरा घर रिकामे असल्याचे परक्याला दाखवू लागला तर त्याचा उपयोग काय?

चार कॅमेऱ्यांची गरज मला दिसत नाही. एक पुढच्या फाटकावर आणि एक जिन्याच्या दाराच्या आत, वरून खाली पाहणारा, इतके पुरे आहेत. ते निघण्याच्या आदल्या दिवशी बसवू नका, किमान पंधरा दिवस आधी बसवा. पहिल्या आठवड्यात पाल, मांजर आणि वाऱ्याने हलणारी तुळस यांच्यामुळे मोबाइलवर रात्रभर सूचना येतील. कोळी तर कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशीच जाळे विणतो, कारण रात्री त्याच्या प्रकाशाकडे किडे येतात, आणि ते जाळे हलले की प्रत्येक वेळी कोणीतरी आल्याचा निरोप येतो. या सगळ्याला कंटाळून माणूस सूचना बंद करतो आणि नेमके तेव्हाच गावाला जातो. हे सगळे आधीच नीट लावून घेतले, तर खरी सूचना वेगळी कळेल.

आणि ती खरी सूचना रात्री दोन वाजता गुहागरला आली तर आपण कोणाला फोन करणार, हे आज ठरवा. पहिला फोन शेजाऱ्यांना, दुसरा 112 वर. मात्र 112 हा आपण जिथे आहात तिथल्या यंत्रणेला लागतो. महाराष्ट्रातून लावलेला फोन महाराष्ट्रातच जाईल. त्यामुळे आपल्या इथल्या ठाण्याचा थेट क्रमांक जवळ ठेवा, किंवा शेजाऱ्यांनाच इथून 112 लावायला सांगा.

सुदामानगरवासी:

सर्वांचे मनापासून आभार. फिटर साहेबांचा प्रश्न वाचून उठलो आणि पाहिले. कूलर मागच्या खोलीच्या खिडकीत आहे, बाहेरच्या बाजूने लोखंडी स्टँडवर ठेवलेला, आणि त्याच्यासाठी नऊ वर्षांपूर्वी जाळीचा जवळजवळ दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा कापून काढला होता. स्टँड जमिनीत गाडलेला नाही. मी एकट्याने, फारसा जोर न लावता, कूलर फूटभर मागे ओढू शकलो. त्या भोकातून माझा बारा वर्षांचा मुलगा गंमत म्हणून आरपार गेला, आणि मग मीही गेलो. नऊ वर्षे आम्ही रात्री पुढच्या दाराच्या तीन तीन कड्या लावत होतो.

कामाच्या बाईंच्या मुलाला झोपायला सांगण्याविषयी मात्र कोणी काही लिहिले नाही. आईचा आग्रह अजून तोच आहे.

रामबागकर काका:

माझे मत आपल्या मातोश्रींच्या बाजूचे आहे. घरात माणूस असणे याला दुसरा पर्याय नाही.

वैशालीनगर:

काकांच्या मताचा आदर राखून सांगते, मला हे पटत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला आपण ओसरीत झोपवतो, म्हणजे दाराच्या बाहेर. चार माणसे पहार घेऊन आली तर त्याने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे? आणि पुढे चोरी झालीच, तर पहिला संशय त्याच्यावर येतो. आमच्याकडे चोरी झाल्यावर आमच्या कामवाल्या मावशींना दोन दिवस ठाण्यात बसवून विचारपूस केली गेली. त्यांचा काहीही संबंध नव्हता. त्या पुन्हा आमच्याकडे कामाला आल्या नाहीत, आणि त्यांनी यावे असे म्हणण्याचे तोंड मला राहिले नव्हते. नातेवाइकांपैकी कोणी आतल्या खोलीत येऊन राहणार असेल, दिवे लावणार असेल, तर अवश्य राहू द्या. परक्याच्या मुलावर हे ओझे टाकू नये.

वकीलकाकू:

विमा आणि पोलीस या दोन प्रश्नांना उत्तर देते.

विम्याच्या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज असा आहे की घराचा विमा म्हणजे चोरीचाही विमा. 1 एप्रिल 2021 पासून सर्व सामान्य विमा कंपन्या भारत गृह रक्षा ही एकसारख्या अटींची पॉलिसी देतात. ती आग, पूर, भूकंप, दंगल अशा संकटांसाठी आहे. चोरी तिच्यात येते, पण ती अशा एखाद्या संकटानंतर सात दिवसांच्या आत झालेली असेल तरच. आपण गावाला गेलो आणि घर फुटले, तर त्या पॉलिसीतून काही मिळत नाही. त्यासाठी घरफोडीचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते, आणि घेताना घर सलग किती दिवस रिकामे राहिले तर संरक्षण थांबते, हे कलम स्वतः वाचावे. दागिने आणि रोकड यांच्याविषयीच्या अटीही वेगळ्या असतात.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. कायद्याच्या भाषेत घरफोडीची व्याख्या बरीच व्यापक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, पूर्वीच्या दंड संहितेप्रमाणेच, माणसाने आत जाण्यासाठी नसलेल्या वाटेने शिरणे, म्हणजे आपल्या कूलरच्या भोकातून शिरणे, हे घरफोडीत मोडते, आणि केवळ कुलूप उघडून शिरणे हेही मोडते, मग ते किल्लीने का उघडलेले असेना. विमा कंपनी मात्र ही व्याख्या मानत नाही. बहुतेक पॉलिसींत बळजबरीने प्रवेश झालेला असावा अशी अट असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2004 सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे की अशा वेळी पॉलिसीतली व्याख्या लागू होते, फौजदारी कायद्यातली नव्हे. याचा व्यवहारातला अर्थ असा की कुंडीखाली ठेवलेल्या किल्लीने कोणी दार उघडून घर साफ केले, तर न्यायालय चोराला घरफोडीची शिक्षा देऊ शकेल, परंतु दाराला साधा ओरखडाही नसल्यामुळे आपला दावा नामंजूर होण्याची शक्यता मोठी आहे. जास्तीची किल्ली कुंडीखाली, मीटरच्या पेटीत किंवा चपलांच्या कपाटात ठेवू नका.

लॉकरविषयी वर लिहिलेच आहे, त्यात थोडी भर घालते. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधली वस्तू गेली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. भाडे दोन हजार असेल तर ही मर्यादा दोन लाखांची झाली. सोन्याचा आजचा भाव पाहता ही रक्कम फार नाही, तरीही लॉकर तांदळाच्या डब्यापेक्षा शतपटीने बरा.

पोलिसांना कळवण्यात काहीही गैर नाही. आपल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या, पत्ता, तारखा आणि शेजाऱ्यांचा क्रमांक लिहा, पोच घ्या. रात्रीच्या गस्तीला आपली गल्ली जोडली जाईलच असे वचन कोणी देत नाही, पण बीटच्या हवालदाराला घर ठाऊक झाले तरी पुष्कळ झाले.

दुर्दैवाने काही घडलेच आणि आपण गुहागरला असलात, तर गाडी पकडण्याआधीच तक्रार देता येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते, आणि ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तशी दिली तर तीन दिवसांच्या आत त्यावर स्वाक्षरी करावी लागते. प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की दार उघडे दिसले तर आत जाऊ नये आणि आवरायला तर मुळीच घेऊ नये. आपल्याकडे शेजारधर्म इतका पक्का आहे की पोलीस येईपर्यंत कोणीतरी फरशी पुसून ठेवते.

सुदामानगरवासी:

वैशालीनगरच्या ताईंचे म्हणणे मी आईला वाचून दाखवले. ती थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग तिनेच बाईंच्या मुलाचा विषय सोडून दिला. लोकमान्यनगरात राहणारा माझा आतेभाऊ आणि त्याची पत्नी शक्य तितक्या रात्री येऊन मधल्या खोलीत झोपतील. बाकीच्या रात्री टायमरचा दिवा आणि उजव्या बाजूचे शेजारी यांच्या भरवशावर. शेजाऱ्यांनी आपली मोटारसायकल आमच्या फाटकात लावायचे आपणहून कबूल केले आहे, आणि रांगोळीचे काम त्यांच्या सुनेने घेतले आहे. त्यांची मंडळी जूनमध्ये उज्जैनला जातील तेव्हा हेच सगळे आम्ही करायचे, असे ठरले.

कूलर काढून जाळी परत जोडून घेतली. आईला मे महिन्यात त्या खोलीत उकडते, म्हणून वेल्डरने आता जाळीच्या बाहेर कूलर ठेवता येईल असा स्टँड भिंतीत गाडून दिला आहे. हवा गजांमधून येते आणि पूर्वीइतकीच गार लागते. कॅमेरे दोनच घेतले. फाटकाचे कुलूप कालपासून दुपारी आणि रात्री आतून लावायला लागलो आहोत, आणि कचरा गाडी आली की किल्ली शोधण्यात रोज सगळ्यांची तारांबळ उडते.

आत बसणारे कुलूप पुढच्या दाराला बसवून घेतले, तरी जुन्या कडीला नकुचाही बसवावा असे सुतार म्हणतो. बोल्ट त्याने आणून ठेवले आहेत. दुहेरी बंदोबस्ताची गरज आहे का?

जुना फिटर:

बसवा. तो खिळखिळा करायला जो वेळ लागेल, तेवढा वेळ शेजाऱ्यांना जागे व्हायला मिळेल. फक्त नट आवळल्यावर बोल्टाचे जे टोक आतल्या बाजूला उरेल ते सुताराकडून कापून कानशीने घासून घ्या. ही मंडळी ते तसेच सोडून जातात, आणि मग येता-जाता आईंचा पदर त्यात अडकत राहील. आतल्या कुलपाची एक किल्ली आतेभावाकडे द्या आणि निघण्यापूर्वी ती एकदा त्याच्याच हाताने फिरवून पाहा. नव्या कुलपाच्या तीन किल्ल्यांपैकी एखादी अडणारी निघते, हे मी अनेकदा पाहिले आहे.